सिम्युलेटरवर चुकीचाही हात बसतो: युरोलॉजीच्या रेझिडेंटांनो, या चुका टाळा

पेग ट्रान्सफर (चिमट्याने छोट्या वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याचा सराव) भराभर उरकणारा, मशीनवर कायम हिरवा शेरा मिळवणारा एक रेझिडेंट माझ्या हाताखाली होता. त्याच्या पहिल्याच युरेटेरोस्कोपीत, म्हणजे मूत्रवाहिनीत दुर्बीण (स्कोप) घालताना, मूत्रवाहिनीच्या तोंडाशी स्कोप अडला आणि त्याने तो सरळ पुढे रेटला. मी वेळीच मनगट धरलं म्हणून निभावलं. संध्याकाळी त्याच्या सिम्युलेटरवरच्या सरावाची रेकॉर्डिंग काढून पाहिली, तर हाच धक्का जवळजवळ प्रत्येक फेरीत होता. मशीनने तो कधी मोजला नव्हता आणि मी स्कोअरच्या पलीकडे कधी पाहिलं नव्हतं. मुलगा कष्टाळू होता, त्यामुळे ती चूकही त्याने कष्टाने घोटवली होती.

तेव्हापासून स्किल लॅबमध्ये मी आधी चुका पाहतो, गुण नंतर. पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी तिथेच पुन्हा पुन्हा दिसलेल्या आहेत.

घड्याळाशी शर्यत

वेळ मोजायला सोपी, म्हणून सगळे वेळच मोजतात. बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाची कॅमेरा लावलेली पेटी) पहिल्या आठवड्यापासून स्टॉपवॉच लावू नका. आधी सलग दहा फेऱ्या अशा करा की एकही वस्तू पडली नाही, दोन्ही हात सारखेच चालले आणि अवजाराचं टोक एकदाही पडद्याबाहेर गेलं नाही. ते जमलं की मग घड्याळ. ई-ब्लस या लॅपरोस्कोपीच्या (पोटात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया) मूलभूत कौशल्यांच्या युरोपातल्या परीक्षेत पेग ट्रान्सफर, वर्तुळ कापणं, सुई कड्यांतून नेणं आणि आतल्या आत गाठ मारणं असे चार प्रकार असतात, आणि तिथेही वेळेबरोबर कामाची गुणवत्ता पाहिली जाते.

वस्तू सारखी पडत असेल तर लगेच हाताला दोष देऊ नका. टेबलाची उंची पाहा. कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा. पडदा एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला, अशा मांडणीत अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) सुई फिरते, ही दुसरी नेहमीची तक्रार. सुई अगदी टोकाशी किंवा धाग्याला लागून पकडली की ती फिरणारच. धाग्याकडच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर पकडा. दिशा चुकली असेल तर सुईशी झटापट करू नका. डाव्या हाताने सुईजवळचा धागा धरा, सुई मोकळी लोंबू द्या, हलके वळवा आणि मग पकडा. टाका घालताना सुई पुढे ढकलायची नसते, तिच्या वाकाप्रमाणे मनगट फिरवायचं असतं.

गाठ सैल राहते? मग धाग्याची मोकळी शेपटी फार लांब सोडली असेल, किंवा प्रत्येक फेरा एकाच दिशेने घातला असेल. पहिला फेरा दुहेरी, नंतरचे दोन एकेरी, आणि प्रत्येक वेळी हात बदलायचा. आतल्या गाठीसाठी १५ सेंटीमीटरच्या आसपास धागा पुरतो. त्याहून लांब घेतलात तर अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

महागडं मशीन येईपर्यंत थांबणं

ही सबब ऐकली की मला खरंच वाईट वाटतं, कारण तिच्यात वर्षं वाया जातात. टोरांटोतल्या एका गटाने २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांना सेमी-रिजिड युरेटेरोस्कोपने मूत्रवाहिनीतला खडा काढायला शिकवायचं होतं. एक मॉडेल सुमारे ३,७०० डॉलरचं होतं. दुसरं पेनरोज ड्रेन (मऊ रबरी नळी), उपडा कप, लेटेक्स आणि दोन स्ट्रॉ यांचं, खर्च २० डॉलर. प्रत्यक्ष हाताने सराव करणारे नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या पुढे गेले. मात्र महाग आणि स्वस्त मॉडेलवर शिकलेल्यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

अर्थात हे नवशिक्यांबाबत आणि प्राथमिक कौशल्यापुरतं आहे. पीसीएनएलचं (पाठीतून छिद्र करून मूत्रपिंडातला खडा काढण्याचं) पंक्चर शिकताना सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली कॅलिक्सची (मूत्रपिंडातल्या लघवी गोळा होणाऱ्या कप्प्याची) खोली आणि दिशा कळायला हवी, तिथे कप आणि स्ट्रॉ पुरत नाहीत. पण गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) घालणं, बास्केट (खडा पकडायची तारेची जाळी) उघडणं-मिटणं, स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी) सरकवणं हे उद्या सकाळीही सुरू करता येतं. पायलोप्लास्टीच्या (मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या जोडातला अडथळा दूर करण्याच्या) टाक्यांसाठी कोंबडीची अन्ननलिका आणि तिला जोडलेली गळ्यातली पिशवी यांचं मॉडेल अनेक ठिकाणी वापरतात. रेनल पेल्व्हिस (मूत्रपिंडातली लघवी जमा होणारी पिशवी) आणि मूत्रवाहिनीच्या जोडाशी ते आश्चर्य वाटावं इतकं मिळतंजुळतं आहे.

एका दिवसात सगळं

परीक्षेआधी किंवा कार्यशाळेत सकाळपासून रात्रीपर्यंत घासणं. बारीक रक्तवाहिन्या जोडण्याच्या कौशल्यावर २००६ साली ३८ कनिष्ठ रेझिडेंटांचा अभ्यास झाला. निम्म्यांनी चार सत्रं एकाच दिवशी केली, उरलेल्यांनी आठवड्याला एक. महिन्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याला एक सत्र करणारे सरस ठरले. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा-पाऊण तास ठेवा. ड्युटीवरून थकून आलेल्या रात्री मात्र नको. थकलेला हात आडमार्ग शोधतो आणि मग तोच लक्षात ठेवतो.

मशीन जे सांगत नाही

मला सर्वाधिक काळजी वाटते ती इथे. आभासी सिम्युलेटरवर ऊतींचा प्रतिकार खऱ्यासारखा जाणवत नाही, आणि चुकीची किंमतही मोजावी लागत नाही. मूत्रवाहिनी उपटली जात नाही, स्कोप फुटत नाही, रुग्णाला ताप येत नाही. म्हणून त्या गोष्टी सरावात मुद्दाम आणाव्या लागतात.

स्कोप मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडला तर काय करायचं, याचा क्रम तोंडपाठ हवा. आधी थांबा. गाइडवायर दिसतेय ना, ते पाहा. स्कोप अक्षावर फिरवून कड वायरखाली आणा. गरज पडल्यास दुसरी वायर घालून दोन वायरींच्या मधून वाट काढा. तरीही जात नसेल तर स्टेंट ठेवा आणि काही दिवसांनी परत या. शेवटची पायरी सिम्युलेटरवर कुणी करत नाही, कारण ‘केस’ पूर्ण झाल्याशिवाय मशीन गुण देत नाही. म्हणून माझ्या लॅबमध्ये काही मॉडेलमधली नळी मी मुद्दाम अरुंद ठेवतो. तिथे ‘स्टेंट ठेवून बाहेर’ म्हणणाऱ्यालाच पूर्ण गुण.

बास्केटचंही तसंच. खड्यासकट बास्केट अडकली तर ओढायचं नाही. थोडं वर मूत्रपिंडाच्या दिशेने नेऊन खडा सोडून द्यायचा, मग लेझरने फोडायचा. बास्केट उघडतच नसेल तर तिची मूठ सोडवून स्कोप बाहेर काढायचा, बास्केटच्या शेजारून पुन्हा आत जायचं आणि खडा तिथेच फोडायचा. हे मी प्रत्येक रेझिडेंटकडून एकदा तरी, स्वस्त मॉडेलवर का होईना, करून घेतो. खरी वेळ येते तेव्हा मूठ कशी सुटते हे शोधायला सवड नसते.

फ्लेक्सिबल स्कोपचं टोक वाकलेलं असताना लेझर फायबर आत सरकवणं ही अगदी सहज होणारी, आणि स्कोपचं चॅनेल आतून फाडणारी चूक. टोक सरळ करा, फायबर पुढे आणा, मग वाकवा. फायबरचं टोक पडद्यावर स्पष्ट दिसेपर्यंत पेडलवर पाय नको. दुरुस्तीपलीकडे गेलेला एखादा स्कोप लॅबमध्ये ठेवला तर ही सवय चांगली लागते.

आणि पाणी, म्हणजे नजर साफ ठेवायला स्कोपमधून सोडतात ते. सिम्युलेटरवर सगळं स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात रक्ताने दृश्य धूसर झालं की दाब वाढवण्याचा मोह होतो. मूत्रपिंडातला दाब वाढला की जंतू रक्तात शिरतात, आणि त्याची गाठ संध्याकाळी वॉर्डात पडते.

पीसीएनएलच्या सिम्युलेटरवर खरा किरणोत्सर्ग नसतो, म्हणून पाय पेडलवरच राहतो. फ्लुरोस्कोपीचा (क्ष-किरण चालू ठेवल्याचा) वेळ दर फेरीला लिहून ठेवा आणि सरावातही लेड एप्रन घाला. त्याच्या वजनाने उभं राहणंच बदलतं. टीयूआरपीत (मूत्रमार्गातून प्रोस्टेट खरवडण्याच्या शस्त्रक्रियेत) व्हेरूमाँटॅनम (प्रोस्टेटमधल्या मूत्रमार्गातला छोटा उंचवटा, कापण्याची सीमा) ओळखल्याशिवाय लूप (कापणारी तारेची कडी) चालवू नका, आणि कापत असताना लूप नेहमी आपल्याकडे येत असावा.

एकट्याने सराव

तास भरले म्हणजे शिकलो, असं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ सर्जिकल रेझिडेंटांपैकी निम्म्यांना तज्ज्ञांच्या पातळीला पोचेपर्यंत आभासी सिम्युलेटरवर शिकवलं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतला ठरावीक भाग त्यांनी २९ टक्के लवकर केला, आणि पित्ताशयाला इजा किंवा नको तिथे भाजणं दुसऱ्या गटात पाचपट होतं. महत्त्वाचा शब्द ‘पोचेपर्यंत’. तुमच्या विभागातल्या दोन-तीन वरिष्ठांना तोच सराव करायला लावा, त्यांची सरासरी काढा. ते तुमचं लक्ष्य.

वरिष्ठांनाही एक विनंती. प्रत्येक हालचालीला टोकू नका. फेरी संपू द्या, मग रेकॉर्डिंगवर एक किंवा दोनच गोष्टी दाखवा. टोरांटोतच तयार झालेली ओसॅट्स ही गुणपत्रिका हाताशी असली तर बोलणं ‘छान’ किंवा ‘वाईट’ यापुढे जातं. ऊतींशी वागणूक, हालचालींची काटकसर, अवजारं हाताळणं, अशा प्रत्येकावर स्वतंत्र बोलता येतं.

कॅथेटर विसरणं

सगळं लक्ष रोबोटच्या कन्सोलवर आणि लेझरवर. पण नव्या रेझिडेंटला रात्री दोन वाजता फोन येतो तो आत न जाणाऱ्या कॅथेटरसाठी (लघवीच्या नळीसाठी). लॅबच्या पुतळ्यात तो दर वेळी सरळ आत जातो, आणि म्हणूनच पुतळा घातक ठरतो. पुतळ्याच्या नळीत अडथळा घाला. कॅथेटर दुभाजकापर्यंत (जिथे त्याला दोन फाटे फुटतात तिथवर) पूर्ण आत आणि लघवी बाहेर आल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, हे त्यावर शिकवा. लघवी आली नाही तर सिरिंजने धुऊन पाहायचं. वायरवरून कॅथेटर घालायचा तो कसा, आणि कोणत्या टप्प्यावर हात थांबवून वरिष्ठांना उठवायचं, हेही तिथेच ठरवा. फोनवर काय सांगायचं, त्याचाही सराव करून घ्या: किती प्रयत्न झाले, कोणत्या आकाराचा कॅथेटर वापरला, रक्त आलं का, मूत्राशय किती भरलं आहे.