बाळाची मांडी आखूड आहे : हाडांच्या डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

तारीख मिळाली की आधी एक जाड फाइल आणा आणि पहिल्या पानावर निदानाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा: प्रॉक्झिमल फेमोरल फोकल डेफिशियन्सी. केसपेपरवर बहुधा नुसतं 'पीएफएफडी' असतं, पण पुढे प्रत्येक खिडकीवर पूर्ण नाव विचारतात आणि तिथे जीभ अडखळते. अर्थ साधा आहे. मांडीच्या हाडाचा खुब्याकडचा भाग पोटातच नीट घडलेला नाही. कुणाचं हाड अखंड पण आखूड असतं, कुणाच्या हाडात फट असते, कुणाला खुब्याचा गोळाच नसतो. म्हणून दुसऱ्याच्या बाळाचं ऑपरेशन ऐकून आपलं ठरवू नका.

फाइलमध्ये गरोदरपणातल्या सोनोग्राफ्या, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे तारखेप्रमाणे लावा. नुसता रिपोर्ट नको, फिल्मच न्या. आईला मधुमेह होता का, कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे वेगळ्या कागदावर लिहा. आखूड मांड्यांसोबत लहान हनुवटी किंवा फाटलेली टाळू असेल, तर आईच्या मधुमेहाशी संबंध असलेल्या एका वेगळ्या आजाराचा विचार करतात, म्हणून तो प्रश्न येतो. तुमचा दोष काढायला नव्हे. बहुतेक बाळांत कारण सापडतच नाही आणि घराण्यातूनही हे सहसा येत नाही. ग्रहणात सुरी हातात धरली म्हणून झालं, असं सांगणारी एखादी आत्या भेटेलच. तिला चहा द्या आणि विषय बदला.

एक्स-रेबद्दल थोडं सविस्तर, कारण आम्ही इथेच फसलो. आमची मुलगी दोन महिन्यांची असताना एका ठिकाणी फिल्म बघून 'गोळा नाहीच' असं सांगितलं गेलं आणि घरात महिनाभर कुणी नीट जेवलं नाही. जन्मतः प्रत्येकच बाळाचा हा गोळा कूर्चेचा असतो. त्यात हाड धरायला साधारण 4 ते 6 महिने लागतात, या मुलांत आणखी उशीर होतो, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तेव्हा एवढ्या लहान वयात 'नाही' ऐकलंत तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचं का, ते विचारा.

वहीत पहिला प्रश्न 'पाय लांब कधी करायचा' हा लिहू नका. खुबा जागेवर स्थिर आहे का, गुडघ्यातले क्रूसिएट लिगामेंट (सांधा आतून धरून ठेवणारे पट्टे) आहेत का, नडगीशेजारचं बारीक हाड आणि पावलाची सगळी बोटं आहेत का, हे आधी. सांधा डळमळीत असताना हाड ताणलं तर सांधा निखळू शकतो. मग विचारा, वाढ पुरी होईल तेव्हा फरक किती असेल? दोन पायांचं प्रमाण वाढीत साधारण तेच राहतं. मुलीचा पाय जन्मापासून सुमारे 4.6 पट वाढतो, मुलाचा 5.1 पट, आणि फरकही त्याच पटीनं. म्हणजे मुलीचा जन्मतः 3 सेंटिमीटरचा फरक शेवटी 14 च्या आसपास जातो. हा आकडा कळला की पुढची सगळी बोलणी समजतात.

इलिझारॉव्हच्या पद्धतीनं, म्हणजे हाड कापून पायाला बाहेरून बसवलेल्या फ्रेमनं हळूहळू ताणत, हाड दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढवतात, तेही पाव-पाव मिलिमीटर करत चारदा. 5 सेंटिमीटरला 50 दिवस, आणि नवं हाड पक्कं होईतो पुढे कित्येक महिने फ्रेम पायावरच. 14 सेंटिमीटर एका दमात होत नाहीत. फरक फारच मोठा असेल तर पाऊल उलटं फिरवून घोट्याचा गुडघा करायची शस्त्रक्रियाही सुचवतील. ऐकून धस्स होतं. नाही म्हणण्याआधी ती झालेल्या मुलाला चालताना पाहायला मिळेल का, ते विचारा.

बाळ धरून उभं राहू लागलं की उंच तळव्याचा बूट किंवा कृत्रिम पाय लागतो. तो ऑपरेशनची वाट पाहत नाही, त्यामुळे कुठे बनवायचा हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत असे पाय बनतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (मुलांच्या तपासणी-उपचारांची सरकारी योजना) आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) चौकशीही त्याच फेरीत उरका.

त्या दिवशी बाळाला पायघोळ नको, झबलंच घाला. दूध, दोन जादा लंगोट आणि एक तिसरं माणूस सोबत न्या. आई-बाबा बाळ धरतात आणि ऐकतात, लिहायला कुणी उरत नाही.