एमजीबीच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलल्या, त्याचा अनुभव

माझी १९७१ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडच्या ओल्या रस्त्यांवर फक्त रविवारी फिरते. ताशी ५० मैलांवरून ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं. सगळे म्हणाले, डिस्क वाकली. डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं माप) लावल्यावर कारण दिसलं: डिस्क किंचित डुगडुगत होती आणि त्यामुळे तिची जाडी जागोजागी कमीजास्त झिजली होती.

नवीन घेताना भोकं पाडलेल्या डिस्कचा मोह झाला. चाकाच्या फटींतून छान दिसतात. पण भोकांच्या कडेने तडे जातात, आणि ती ज्या उष्णतेसाठी पाडतात, ती शर्यतीतली उष्णता माझ्या गाडीत येणार कुठून? खाचांच्या डिस्क पॅड (डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) लवकर खातात. म्हणून मूळ मापाच्या, पावणेअकरा इंची, साध्या बिडाच्याच डिस्क घेतल्या.

या गाडीत डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागे चार बोल्टांनी बसते, त्यामुळे हब उतरवावाच लागतो. खरं काम इथेच आहे. हबच्या बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने पार काढला (कागदाइतक्या थरानेसुद्धा डिस्कच्या कडेला मोठी डुगडुग होते), शिमने (पातळ चकत्यांनी) बेअरिंगची ढिलाई जमवली आणि पुन्हा गेज लावलं. पॅड जोडीने नवे टाकले. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून सावकाश, मध्ये थंड होऊ देत, ब्रेक दाबून पॅड डिस्कवर नीट बसू दिले. धडधड गेली, किंचित आवाज येतो, तो पॅडचा आहे.