माळावरच्या झुडपांचा जैवभार कसा मोजावा?

जैवभार म्हणजे झाडाझुडपांचं सुकं वजन. ते काढायला झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायची पद्धत आहे. सोलापूरच्या माळावर ती चालत नाही. नान्नज अभयारण्याकडच्या मुरमाड जमिनीवर तरवड, बोराटी छातीपर्यंत क्वचितच पोचतात, आणि एकाच बुडख्यातून पाच-सात खोडं फुटलेली असतात. उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालात चारा-सरपणासाठी छाटलेल्या बांजाच्या (तिथल्या ओकच्या) झुडपी रानातही हीच अडचण येते.

आधी माळ पायी फिरा. ओढाकाठ, उतार, उघडा मुरूम असे भाग पाडा आणि प्रत्येकात 5 × 5 मीटरचे तीन-चार चौकोन आखा. कर्ण 7 मीटर 7 सेंटिमीटर भरला की चौकोन काटकोनात आला. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा; डोळ्यांनी निवडायला गेलं की पाय आपोआप दाट झुडपाकडे वळतात आणि आकडा फुगतो.

चौकोनातल्या प्रत्येक झुडपाचं नाव, उंची आणि जमिनीलगत प्रत्येक खोडाचा व्यास लिहा. मग व्यासांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. खोडं 3, 4 आणि 12 सेंटिमीटरची असतील तर 9 + 16 + 144 = 169, म्हणजे झुडूप 13 सेंटिमीटरच्या एका खोडाएवढं धरायचं.

आता तोड. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कोयता लावू नका; आपल्या बांधावरची झुडपं घ्या. दर जातीची लहान-मोठी दहा-पंधरा पुरेत. पानं, बारीक काटक्या आणि जाड लाकूड वेगवेगळ्या गोणीत भरून तिथंच तोला. झुडपाच्या कुठल्या भागात किती भार आहे हे यातूनच कळतं, म्हणून इथं घाई नको. प्रत्येक गोणीतला थोडा नमुना कागदी पिशवीत घाला. ओव्हनमध्ये लाकूड 105 आणि पानं 70 अंश सेल्सिअसवर, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. नुसतं ऊन पुरत नाही. 500 ग्रॅमचे 300 उरले, तर त्या गोणीचं वजन गुणिले 0.6.

दोन-तीन झुडपांची मुळंही खणा. पहारीनं मुरूम फोडता फोडता हात भरून येतात, पण हे टाळू नका. बोराटी तोडली तरी पावसाळ्यात पुन्हा फुटते ती जमिनीखालच्या साठ्यावरच. मुळं सोडली तर तो साठा हिशेबातच येत नाही.

शेवटी व्यास आणि सुकं वजन दोन्हींचे लॉग (लॉगरिदम) घेऊन आलेख काढा. बिंदू एका रेषेच्या आसपास बसले की बाकीची झुडपं तोडायची गरज नाही, व्यासावरून वजन निघतं. चौकोनाची बेरीज गुणिले 400 म्हणजे हेक्टरी भार. ओढाकाठ आणि मुरूम यांची सरासरी एकत्र करू नका. प्रत्येक भागाचा आकडा त्याच्या क्षेत्राशी गुणून मगच बेरीज करा.