सर्वो मोटर घेताना काय बघायचं: हलत्या देखाव्यापासून छोट्या मशीनपर्यंत

गणपती जवळ आले की दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात, मूर्तीचा हात हलवायचाय कुठली सर्वो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर) घेऊ, गुहेचं दार उघडायचंय कुठली घेऊ, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ऑनलाइन बघून एखादी स्वस्तातली आधीच पसंत केलेली असते. माझं म्हणणं असं की मोटर सगळ्यात शेवटी निवडायची. आधी वजन, मग पॉवर सप्लाय, मग मोटर. सर्वो खराब निघाली म्हणून जेवढ्या तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बऱ्याच तक्रारींमध्ये मोटर ठीक असते, तिच्यावर लोड जास्त असतो नाहीतर तिला करंट पुरत नसतो.

वजनाचं गणित सोपं आहे. समजा देखाव्यात कागदाच्या लगद्याचा हात आहे, ४०० ग्रॅमचा, आणि त्याचा तोल खांद्यापासून १५ सेंमी अंतरावर साधतो (हात बोटावर ठेवून बघा, जिथे आडवा राहतो तो बिंदू). हात आडवा असताना खांद्यावर ०.४ गुणिले १५ म्हणजे ६ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागणार. आता लिस्टिंग बघा, एमजी ९९६ आर या सर्वोला ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी लिहिलेलं असतं. सहा पेक्षा अकरा मोठे, चालेल असं वाटतं ना, पण तो आकडा स्टॉल टॉर्क आहे, म्हणजे तेवढ्या लोडला मोटर जागच्या जागी थांबते आणि तापत राहते. रोज संध्याकाळी पाच-सहा तास चालवायची असेल तर स्टॉल टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. म्हणजे ६ साठी १८ तरी पाहिजे, मग डीएस ३२१८ सारखी २० किलोवाली बघा.

किंवा पैसे वाचवायचे असतील तर हाताच्या मागच्या बाजूला काउंटरवेट लावा. खांद्यामागे ८ सेंमी अंतरावर ६०० ग्रॅम टांगलं की ४.८ किलो-सेंमी तिथेच वजा होतात, उरतात १.२, आणि मग तीच एमजी ९९६ आर आरामात हात हलवते. फक्त एकूण वजन वाढल्यामुळे झटक्यात हलवायचं नाही, प्रोग्रॅममध्ये एक-एक डिग्री हळूहळू पुढे न्यायचं. मला हा उपाय मोठी मोटर घेण्यापेक्षा नेहमीच जास्त आवडतो.

एसजी ९० बद्दल थोडक्यात. ९ ग्रॅमची, प्लॅस्टिक गिअरची, ४.८ व्होल्टला साधारण १.८ किलो-सेंमी. शिकायला, कॉलेजच्या डेमोला, डोळ्यांच्या पापण्या हलवायला उत्तम. त्यापेक्षा जास्त अपेक्षा तिच्याकडून करू नये, गिअरचा दात गेला की काम संपलं. तेवढ्याच जागेत जरा दमदार हवी असेल तर मेटल गिअरची एमजी ९० एस घ्या.

आता पॉवर, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण निम्मं काम इथेच बिघडतं. अर्डुइनो ऊनोच्या (सर्वोला सिग्नल देणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) ५ व्होल्टच्या पिनवरून सर्वो चालवू नका. यूएसबीवर त्या बोर्डाचा फ्यूज ५०० मिलिअँपचा असतो आणि एकटी एमजी ९९६ आर अडकली तर २.५ अँपपर्यंत ओढते, मग बोर्ड रीसेट होतो, सर्वो थरथरते, आणि माणूस रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. चार एमजी ९९६ आर असतील तर १० अँपची तयारी पाहिजे. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो जाळीच्या डब्यातला ५ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, स्वस्त पडतो आणि दिवसभर चालतो. व्होल्टेज कमी करणाऱ्या एलएम २५९६ च्या छोट्या निळ्या मॉड्यूलवर ३ अँप लिहिलेलं असतं पण दोनच्या पुढे ते चांगलंच तापतं, एकाच मोठ्या सर्वोसाठी ठीक. सप्लायचा ग्राउंड आणि बोर्डाचा ग्राउंड जोडलेला हवा, नाहीतर सिग्नलला अर्थच उरत नाही. सर्वोजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. ब्रेडबोर्डमधून पॉवर नेऊ नका, त्याच्या पट्ट्या एवढा करंट घेण्यासाठी बनलेल्याच नाहीत. आणि २ सेलची लिपो बॅटरी पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देते, ६ व्होल्टच्या सर्वोला ती थेट लावली की सर्वो गेलीच समजा, मध्ये यूबीईसी (व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट) लागतो.

सर्वो पाच-सहाच्या वर असतील तर पीसीए ९६८५ चा १६ चॅनलचा बोर्ड घ्या, दोन वायरवर सगळ्या चालतात. ऊनोवर अर्डुइनोची सर्वो लायब्ररी वापरली की ९ आणि १० नंबरच्या पिनचं पीडब्ल्यूएम (दिवा मंद-तेज करणारा सिग्नल) बंद होतं, दिवे त्या पिनांवर मंद करायचे असतील तर हे आधीच लक्षात ठेवा.

ऑर्डर करताना अजून दोन-तीन गोष्टी नीट वाचा. एकाच नावाची मोटर १८० डिग्री, २७० डिग्री आणि ३६० डिग्री अशी मिळते, आणि ३६० वाली म्हणजे गोल फिरत राहणारी, तिला कोन सांगताच येत नाही, फक्त वेग आणि दिशा सांगता येते. हात हलवायला ती घेतली की काहीच उपयोग नाही. डिजिटल सर्वो लोड जास्त घट्ट धरून ठेवते, पण करंट जास्त घेते आणि उभी असतानाही बारीक गुणगुणते, शांत देखाव्यात तो आवाज ऐकू येतो. हॉर्नचे (शाफ्टवर बसणाऱ्या पट्टीचे) दात पण बघा, फुटाबा कंपनीचे आणि बहुतेक मोठ्या चिनी सर्वोंचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३, म्हणजे मेटलचा हॉर्न वेगळा मागवत असाल तर जुळणारा मागवा, जबरदस्तीने बसवला की शाफ्टचे दात घासले जातात.

नकली माल खूप आहे, विशेषतः एमजी ९९६ आर च्या नावाने. म्हणून मोटर हातात आली की बसवण्याआधी तपासा. वजन करा, खरी साधारण ५५ ग्रॅमच्या आसपास भरते, फार हलकी निघाली तर आत गिअर कसले आहेत अशी शंका घ्या. मग मधल्या पोझिशनला, म्हणजे सिग्नलचा पल्स १५०० मायक्रोसेकंदला ठेवून बघा थरथरते का. एका टोकाकडून मध्यावर आणा, मग दुसऱ्या टोकाकडून मध्यावर आणा, दोन्ही वेळा हॉर्न एकाच जागी थांबला पाहिजे. मग अर्धा तास सतत इकडून तिकडे फिरवा आणि हात लावून बघा, कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर परत करा. टॉर्कसाठी ५ सेंमीच्या हॉर्नला सामान तोलायचा हुकचा वजनकाटा अडकवून क्षणभर ओढू द्या, काट्यावर जेवढे किलो येतील त्याला पाचने गुणा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत दुकानातून घेत असाल तर सर्वो टेस्टर सोबत न्या, छोटा आणि स्वस्त असतो, निदान थरथर आणि आवाज तिथेच कळतो.

बसवताना एक गोष्ट फार महत्त्वाची. हाताचं वजन सर्वोच्या शाफ्टवर टांगू नका. वजन वेगळ्या बेअरिंगवर किंवा निदान बोल्टच्या पिव्होटवर घ्या आणि सर्वोने फक्त ढकलायचं-ओढायचं, मध्ये लिंक रॉड टाकून. यामुळे मोटरचं आयुष्य वाढतं तेवढं महाग मोटर घेऊनही वाढत नाही. दोन्ही टोकांना पाच-दहा डिग्री मोकळी सोडा, म्हणजे सर्वो आतल्या स्टॉपरवर जाऊन अडकणार नाही.

आता ऑटोमेशनकडे, म्हणजे वर्कशॉपमध्ये रोज चालणारं काम. इथे हिशोब फेऱ्यांचा करा. दर २ सेकंदाला एक हालचाल धरली तर ८ तासांच्या शिफ्टमध्ये १४,४०० हालचाली होतात. हॉबी सर्वोमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या सर्वोंमध्ये, कोन मोजायला आत पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून घासून झिजतो, म्हणून अशा कामाला ती लावूच नका, कितीही मेटल गिअर असो. भोसरी, सातपूर, वाळूजच्या छोट्या युनिटांमध्ये बऱ्याचदा काम फक्त दोन पोझिशनचं असतं, पार्ट ढकला आणि मागे या, तिथे कॉम्प्रेसर आधीच असेल तर न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) सिलिंडर लावा, सर्वोची गरजच नाही.

मधले कोन हवे असतील आणि लोड लहान असेल तर सीरियल बस सर्वो बघा, म्हणजे जिच्याशी प्रोग्रॅमला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. फीटेकची एसटीएस ३२१५ किंवा रोबोटिसच्या डायनामिक्सेल. एसटीएस ३२१५ मध्ये मॅग्नेटिक एन्कोडर आहे, एका फेरीत ४०९६ पायऱ्या मोजतो, कोन मोजण्यात घासणारा भागच नाही, आणि मोटर स्वतःचा कोन, तापमान, लोड परत सांगते. म्हणजे अडकली तर प्रोग्रॅमला कळतं आणि वेळीच थांबवता येतं. कॉलेजच्या रोबोटिक आर्मसाठीही बजेट असेल तर मी हीच सुचवेन.

त्याच्या वर गेलात की एसी सर्वो, म्हणजे वेगळ्या ड्राइव्हवर (मोटर चालवणारा कंट्रोलर) चालणारी कारखान्यातली मोटर. ४०० वॉटची ३००० आरपीएमची मोटर १.२७ न्यूटन-मीटर रेटेड टॉर्क देते, म्हणजे जेमतेम १३ किलो-सेंमी, आणि हे बघून बरेच जण दचकतात कारण २० किलोची हॉबी सर्वो त्यापेक्षा भारी वाटते. फरक असा की ही तो टॉर्क ३००० आरपीएमला दिवसभर देते, गिअरबॉक्स लावला की टॉर्क त्या पटीत वाढतो. घेताना लोडचा इनर्शिया (हलायला-थांबायला होणारा विरोध) मोटरच्या इनर्शियाशी किती पटीत आहे ते सप्लायरकडून काढून घ्या, पट फार मोठी झाली तर मोटर थांबताना डोलते. उभ्या अक्षावर काम असेल तर ब्रेकवाली मोटरच घ्या, लाइट गेली की लोड खाली येतो आणि खाली कोणाचा हात असू शकतो, इथे पैसे वाचवू नका. एन्कोडरची आणि पॉवरची केबल कोटेशनमध्ये धरली आहे का ते विचारा, बऱ्याचदा वेगळी असते आणि महाग असते. डेल्टा, मित्सुबिशी, पॅनासॉनिक, यास्कावा यांपैकी ज्याचा सर्व्हिसवाला आणि स्पेअर ड्राइव्ह तुमच्या गावाजवळ मिळतो ती घ्या, थोडी महाग पडली तरी.

देखावा असो की मशीन, एक सर्वो त्याच लॉटमधली जास्तीची घेऊन ठेवा, आणि तिला प्रत्यक्ष जागेवर एकदा बसवून मधल्या आणि दोन्ही टोकांच्या पल्सचे आकडे मार्करने तिच्याच अंगावर लिहून ठेवा, दोन मोटरांचा मध्य कधीच अगदी सारखा नसतो आणि आरतीच्या आधी दहा मिनिटं असताना ते आकडे परत शोधायला वेळ मिळत नाही.