कनाल दु मिदी: तुलूझ ते सेत, खडी-मातीच्या वाटेने सायकलवरून कसं जावं

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर आलात की समोरच हिरवट, संथ पाण्याचा एक कालवा दिसतो. तोच कनाल दु मिदी. १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला, भूमध्य समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर जाणारा आणि १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेला. याच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत नेत. त्याच वाटेने आज सायकली जातात. रुंद टायरची, खडी-मातीवर चालवायची ग्रॅव्हल सायकल घेऊन फ्रान्सचा ग्रामीण भाग पहिल्यांदाच पाहणार असाल, तर माझं मत याच वाटेला आहे. चढ जवळजवळ नाहीत, वाट चुकायची भीती नाही आणि दर थोड्या अंतरावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बांधकाम आजही काम करताना दिसतं. त्यासाठी थांबायला वेळ हवा. तीन दिवसांतही ही वाट संपवता येते, पण तुम्ही पाच दिवस काढा.

आधी दिशा आणि महिना ठरवा

तुलूझहून समुद्रकाठच्या सेत गावाकडे निघा, उलट नको. या भागात वायव्येकडून 'सेर्स' नावाचा वारा वाहतो आणि या दिशेने जाताना तो बहुतेक वेळ पाठीशी असतो. कधी कधी मात्र आग्नेयेकडून 'ओतां' सुटतो आणि तुलूझजवळच्या उघड्या शेतांत तो थेट तोंडावर येतो. तसा दिवस आला तर हट्ट न करता टप्पा छोटा करा.

मे, जून किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार आणि गर्दीही फार. हिवाळ्यात कालव्यावरची नावांची ये-जा बंद असते, आणि नावा नसतील तर या वाटेची निम्मी मजा गेली. भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधी मिळवा, मगच तिकिटं काढा.

सायकलची तयारी

पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर आहे. त्यावरून पुढचा हिशोब करू नका. पुढे बारीक खडी, मग माती, आणि काही ठिकाणी गवतातून गेलेली हातभर रुंदीची पायवाट लागते. वाटेची खरी परीक्षा मात्र मुळं घेतात. काठावर प्लेन ट्री आहेत, म्हणजे काश्मीरच्या चिनारचे जवळचे नातलग. त्यांची मनगटाएवढी जाड मुळं वाटेत आडवी उठलेली असतात आणि उन्हा-सावलीच्या जाळीत ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. पहिल्या खेपेला मी ३२ मिमीचे टायर दगडासारखे फुगवून गेलो होतो. कास्तेलनोदारीच्या पुढे एका मुळावर मागचं चाक असं आपटलं की रिमखाली ट्यूब दोन ठिकाणी चिमटली आणि चाकाला आऊट आला, म्हणजे ते वाकडं फिरू लागलं. पुढचे दोन दिवस ब्रेकचा पॅड रिमला घासत होता.

म्हणून टायर किमान ४० मिमीचा हवा, ट्यूबलेस असेल तर अधिक चांगलं. सत्तरेक किलोच्या माणसाला थोडं सामान धरून ३५ ते ४० पीएसआय हवा पुरते. मूळ दिसलं की पॅडल मारणं थांबवा, सीटवरून थोडं उठा, कोपर-गुडघे सैल सोडा आणि चाक मुळाला काटकोनात जाऊ द्या. तिरकं गेलात आणि मूळ ओलं असेल तर चाक सटकतं, आणि एका बाजूला पाणीच आहे. सामान कमी ठेवा, पट्टे घट्ट आवळा. घंटी आणि दिवे फ्रान्समध्ये कायद्यानेच लागतात. स्वतःची सायकल विमानातून न्यायची नसेल तर तुलूझमध्ये भाड्याने मिळते. फक्त टायरची रुंदी आधी विचारून घ्या.

पहिला दिवस: तुलूझ ते कास्तेलनोदारी, सुमारे ६५ किमी

शहर संपेपर्यंत धावणारे, मुलांना घेऊन फिरणारे पुष्कळ भेटतात. घंटी वाजवा, 'बोंझूर' म्हणा, हळू जा. पन्नासेक किलोमीटरनंतर नोरुझ येतं. इथे सायकल झाडाला टेकवून तासभर तरी थांबा, कारण अख्ख्या कालव्याची गोष्ट इथे आहे.

नोरुझ हा पाणलोटाचा माथा. उंची फक्त १८९ मीटर, पण इथून एका बाजूचं पाणी अटलांटिकला जातं आणि दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राला. दोन्हीकडे उतरणारा कालवा खोदायचा तर माथ्यावर बारमाही पाणी हवं. ते आणायचं कुठून, यावरच आधीचे सगळे बेत अडले होते. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. शिक्षणाने इंजिनिअर नव्हता. त्याने उत्तरेकडच्या 'काळ्या डोंगरा'तले ओढे अडवले, सां-फेरेओल इथे धरण बांधलं आणि पाटाने ते पाणी नोरुझला आणलं. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती, त्यांत बायकाही होत्या. रिकेने स्वतःचा पैसाही यात ओतला आणि ऑक्टोबर १६८० मध्ये, कालवा खुला होण्याआधी काही महिने, तो वारला.

पाट येऊन मिळतो तिथे उभं राहून एक वाळलेलं पान पाण्यात सोडा आणि ते कुठल्या समुद्राकडे निघतं ते पाहा. त्यानंतरचे चार दिवस तुम्ही त्या पाण्याच्या सोबतीनेच खाली उतरणार आहात.

हाताशी एखादा जादा दिवस असेल तर त्या पाटाच्या काठाने उलट वर, सां-फेरेओलच्या दिशेने जा. एका बाजूचं अंतर सुमारे ४० किमी. वळणावळणाची, झाडीतली मातीची वाट आहे. निव्वळ ग्रॅव्हल म्हणून विचाराल तर मला ती मुख्य वाटेहूनही आवडते.

दुसरा दिवस: कार्कासोन, सुमारे ४० किमी

अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे. मुळं इथूनच सुरू होतात, आणि लॉकही बघायचे आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. नाव आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडायचं किंवा भरायचं आणि नाव खालच्या नाहीतर वरच्या पातळीला न्यायची. इथले बहुतेक जुने हौद लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतींचा एक लॉक बांधताना ढासळला, तेव्हा रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला फुगवटा दिला. आडव्या टाकलेल्या कमानीसारखी ती भिंत मातीचा दाब पेलते. एखादी नाव आत येईपर्यंत थांबा. दरवाज्याच्या फटींतून उडणारे फवारे, दोर धरून उभी असलेली माणसं, आणि बघता बघता भिंतीवरचं शेवाळ उघडं पाडत खाली जाणारं पाणी. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं.

कार्कासोनचा किल्ला दुपारी पाहू नका, गर्दी असते. आधी खोलीवर सामान टाका आणि संध्याकाळी ओद नदीवरच्या जुन्या पुलाने वर चढा. दुहेरी तटबंदी आणि ५२ बुरूज आहेत. आज दिसतं त्यातलं बरंच काम १९व्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने केलेल्या जीर्णोद्धाराचं आहे. आत ओबडधोबड फरसबंदी आहे, तेव्हा सायकल हातात धरून चाला. गावात शिरायला तिकीट नाही, आतल्या गढीला आहे.

तिसरा आणि चौथा दिवस: ल सोमाय, मग बेझिये

तिसरा दिवस साठेक किलोमीटरचा, द्राक्षमळ्यांतला. या पट्ट्यात टोपी आणि दोन बाटल्या पाणी लागतंच. २००६ मध्ये इथल्या प्लेन ट्रींना बुरशीचा एक असाध्य रोग लागल्याचं आढळलं. कालव्याकाठी अशी सुमारे ४२,००० झाडं होती. त्यांतली हजारो तोडावी लागली. जागी दुसऱ्या जातींची रोपं लावत आहेत, पण सावली पडायला अजून वर्षं जातील. ओळीने कापलेले बुंधे पाहून वाईट वाटतं.

ल सोमायला मुक्काम करा. दगडी पूल, शेजारी छोटं चॅपल. टपालनावेने जाणारे उतारू पूर्वी रात्री इथेच थांबत.

चौथ्या दिवशी बेझियेच्या अलीकडे मालपास लागतं. ठिसूळ दगडाच्या टेकडीतून १६७९ मध्ये नावांसाठी काढलेला सुमारे १६५ मीटरचा हा बोगदा. कालव्यासाठी खोदलेला जगातला पहिला मानतात. त्याच टेकडीच्या पोटात मध्ययुगीन पाण्याचा बोगदा आहे आणि रेल्वेचाही. वर आंसेर्युनच्या प्राचीन वस्तीच्या अवशेषांपर्यंत जा. चढ थोडा दमवतो. वर पोचून उत्तरेकडे पाहिलंत की खाली एक गोल शेत दिसतं, आणि त्यातले सगळे बांध मधल्या एका बिंदूकडे धावतात, थेट चाकाच्या आऱ्यांसारखे. १३व्या शतकात दलदल कोरडी करताना पाणी मध्यभागी आणून याच टेकडीखालून बाहेर काढलं, त्याची ही नक्षी.

मग फोंसेरान: एकाला एक जोडलेले आठ हौद, पाण्याचा जणू दगडी जिनाच, साडेएकवीस मीटर उतार. नाव अख्खा जिना उतरेपर्यंत पाहायला मिळालं तर पाहाच. समोर नदीपलीकडे बेझिये, रिकेचं जन्मगाव. १२०९ मध्ये कॅथार या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात इथे भयंकर कत्तल झाली आणि कॅथेड्रल जळालं. आज उंचावर दिसतं ते नंतर बांधलेलं.

खाणं, पाणी, अडचण

दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं. अडीचला पोचलात तर उपाशी राहाल. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकानं बंद सापडतात, तेव्हा शनिवारीच भरून घ्या. इथला प्रसिद्ध पदार्थ कासुले पांढऱ्या घेवड्याचा असला तरी त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. शाकाहारी माणसाने बेकरीतला बॅगेट (लांब पाव), बाजारातलं शेळीच्या दुधाचं चीज आणि टोमॅटो यांवर भिस्त ठेवावी. मी तसेच दिवस काढले आणि छान काढले. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा, तिथे बहुधा नळ असतो. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

मोडतोड झालीच तर घाबरू नका. तुलूझ-सेत रेल्वे कालव्याला जवळजवळ समांतर धावते आणि प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल घेता येते.

पाचवा दिवस: समुद्र

आग्दमध्ये काळ्या बसाल्टचं कॅथेड्रल आणि गोल लॉक पाहून पुढे निघा. मार्सेयांजवळ छोट्या दीपगृहापाशी कालवा सरोवराला मिळतो आणि वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. तिथून सेतपर्यंत एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर सायकल. सेतला पोचल्यावर आंघोळीआधी नळ शोधून साखळी आणि गिअर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल द्या. मीठ आणि वाळू तशीच राहिली तर एका रात्रीतही गंज धरतो.