सोफुबीचे हात-डोके न फाटता सुटे करण्यासाठी

सोफुबी, म्हणजे मऊ व्हायनिलची पोकळ जपानी खेळणी, रंगवण्यापूर्वी सुटी करताना सांध्याची कडा फाटू शकते, कारण थंड व्हायनिल ताठ असते. त्यासाठी उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात सांधा दोनेक मिनिटे बुडवावा आणि तो बोटाने सहज दबू लागला की फडक्यात धरून, सरळ न ओढता, हळूहळू पिळत बाहेर काढावा. पोकळ अंगात शिरलेले कढत पाणी या वेळी हातावर येते, म्हणून सांध्याचे उघडे तोंड खाली धरावे. वाकलेले पायही लगेच सरळ करून गार पाण्यात धरल्यास तसेच राहतात. मग साच्याचा तेलकटपणा जाण्यासाठी भांड्यांच्या साबणाने धुऊन रात्रभर वाळवावे. नेहमीचा एनॅमल रंग मात्र टाळावा, तो मऊ व्हायनिलवर चिकटच राहतो.