गिटचा नवा रिपो सुरू करताना या चुका टाळा

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि रिपो (रिपॉझिटरी) म्हणजे तो इतिहास जपणारं प्रोजेक्टचं फोल्डर. नवा रिपो बनवायला ‘गिट इनिट’ टाइप करून एंटर दाबलं की गिट एक ओळ छापतं: अमुक पाथवर रिकामी रिपॉझिटरी तयार झाली. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही, लगेच पुढची कमांड दिली जाते. नव्या रिपोतल्या बऱ्याच भानगडी तिथूनच सुरू होतात, कारण चूक झाली असेल तर ती त्या पाथमध्येच दिसत असते. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

इनिट भलत्याच फोल्डरमध्ये

नवं टर्मिनल बहुधा होम फोल्डरमध्ये उघडतं. ‘सीडी’ करून प्रोजेक्टमध्ये जायचं राहून गेलं, की अख्खं होम फोल्डरच रिपो बनतं. मग ‘गिट स्टेटस’ दिलं की डाउनलोड्स, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशी लांबलचक यादी लाल अक्षरांत समोर येते. त्या यादीत एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणीच्या) किल्ल्या ठेवलेलं लपलेलं फोल्डरही असू शकतं. अशा वेळी सवयीने ‘गिट अ‍ॅड .’ दिलंत, तर त्या खासगी किल्ल्याही कमिटच्या, म्हणजे इतिहासात नोंद होण्याच्या, रांगेत जातात.

म्हणून इनिटच्या आधी ‘पीडब्ल्यूडी’ देऊन आपण कुठे आहोत ते बघा. आधीच शंका आली असेल तर हे विचारा:

गिट रेव-पार्स --शो-टॉपलेव्हल

रिपोचं मूळ कुठे आहे ते कळेल. उत्तर होम फोल्डर आलं, तर तिथलं ‘.गिट’ हे लपलेलं फोल्डर काढून टाकायचं. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण त्या रिपोचा सगळा इतिहास त्या फोल्डरमध्येच असतो. त्यामुळे तिथे खरोखर ठेवण्यासारखं एकही कमिट नाही ना, हे ‘गिट लॉग’ने आधी तपासा. एका भीतीला मात्र आधार नाही: योग्य फोल्डरमध्ये इनिट चुकून दोनदा दिलं गेलं, तर काहीच पुसलं जात नाही. गिट फक्त ‘रीइनिशियलाइज्ड’ असं सांगतं.

रिपोच्या पोटात रिपो

ही चूक जास्त छळते, कारण करणाऱ्याच्या मशीनवर सगळं सुरळीत चालू असतं. मी एका प्रोजेक्टमध्ये दुसरीकडून क्लोन केलेलं (म्हणजे इतिहासासकट उतरवून घेतलेलं) फोल्डर जसंच्या तसं आणून ठेवलं होतं. अ‍ॅड करताना गिटने ‘एम्बेडेड रिपॉझिटरी’ अशी पिवळी सूचना दिली. कमिट झालं, पुशही झालं (म्हणजे सर्व्हरवर गेलं), म्हणून ती सूचना मी सोडून दिली. दोन दिवसांनी सहकाऱ्याने क्लोन केलं, तर त्याच्याकडे ते फोल्डर रिकामं. माझ्याकडे सगळ्या फाइली जागच्या जागी. तासभर आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो.

खरा प्रकार ताज्या कमिटमधली यादी दाखवणारी ‘गिट एलएस-ट्री हेड’ ही कमांड दिल्यावर उघड झाला. साध्या फोल्डरच्या ओळीत 040000 आणि ‘ट्री’ असतं. या फोल्डरपुढे 160000 आणि ‘कमिट’ होतं. म्हणजे बाहेरच्या रिपोने आतल्या फाइली घेतल्याच नव्हत्या, आतल्या रिपोच्या एका कमिटचा फक्त पत्ता टिपून ठेवला होता.

आतल्या रिपोचा वेगळा इतिहास नको असेल, तर आतलं ‘.गिट’ काढा आणि बाहेरच्या रिपोत या दोन कमांड द्या:

गिट आरएम --कॅश्ड फोल्डरचं-नाव
गिट अ‍ॅड फोल्डरचं-नाव

मग पुन्हा कमिट. इतिहास हवा असेल तर सबमॉड्यूलचा (एका रिपोत दुसरा रीतसर जोडण्याचा) रस्ता आहे, पण तो समजून-उमजून घ्यायचा, अपघाताने नव्हे. प्रोजेक्टचा सांगाडा तयार करून देणारी काही साधनं स्वतःच इनिट करून मोकळी होतात, तेव्हा त्यांनी बनवलेल्या फोल्डरमध्येही डोकावून बघा.

इग्नोअर फाइल उशिरा

कोणत्या फाइली वगळायच्या ते गिटला सांगणारी ‘.गिटइग्नोअर’ ही फाइल पहिल्या ‘गिट अ‍ॅड’च्या आधी हवी. यावर मी अगदी अडून बसतो. तिचे नियम फक्त अजून ट्रॅक न झालेल्या (गिटने नोंद न घेतलेल्या) फाइलींना लागू होतात. एकदा कमिटमध्ये गेलेली फाइल नंतर यादीत कितीही वेळा लिहा, गिट तिच्यातले बदल दाखवतच राहणार. नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल केलेली पॅकेजेस), बिल्डचं आउटपुट, लॉग फाइली या सगळ्यांची हीच कथा. उपाय:

गिट आरएम -आर --कॅश्ड नोड_मॉड्यूल्स

यातलं ‘--कॅश्ड’ विसरू नका, नाहीतर फाइली डिस्कवरूनही जातात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: हे कमिट सहकाऱ्याने पुल केलं (सर्व्हरवरून ओढून घेतलं) की त्याच्याकडच्या त्या फाइली मात्र उडतात. नोड मॉड्यूल्स पुन्हा इन्स्टॉल करता येतील, पण एखादी सेटिंगची फाइल असेल तर त्याला आधी प्रत काढून ठेवायला सांगा. नियम लिहूनही लागू होतोय का, अशी शंका असेल तर ‘गिट चेक-इग्नोअर -व्ही फाइलचं-नाव’ द्या. कोणत्या ओळीतल्या नियमामुळे फाइल वगळली जाते, ते तिथे दिसतं.

पासवर्ड आणि एपीआय की (प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारा गुप्त कोड) असलेली ‘.ईएनव्ही’ फाइल कमिटमध्ये गेली, तर गोष्ट गंभीर आहे. पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट केली तरी आधीच्या कमिटमध्ये ती शाबूत असते, आणि रिपो क्लोन करणाऱ्या कुणालाही ती उघडता येते. अजून पुश केलं नसेल आणि पहिलंच कमिट असेल, तर ती फाइल ‘गिट आरएम --कॅश्ड’ने काढून ‘गिट कमिट --अमेंड’ने तेच कमिट बदला. पुश झालं असेल तर आधी ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास साफ करण्याचं काम, म्हणजे ‘गिट फिल्टर-रेपो’ वगैरे, त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. इतिहास पुसेपर्यंत ती की कुणी उचललेली असेल, तर पुसून काही उपयोग नाही.

म्हणूनच अ‍ॅड आणि कमिट या दोन कमांड एका दमात देऊ नका. मध्ये ‘गिट स्टेटस’ द्या आणि हिरव्या अक्षरांतलं प्रत्येक नाव वाचा. नव्या रिपोत ती यादी लहान असायला हवी. लांब दिसली की समजा, काहीतरी नको ते आत आलंय.

नाव आणि ईमेलचं थोडक्यात. ऑफिसचा ईमेल ‘--ग्लोबल’ने (सगळ्या रिपोंसाठी) सेट केलेला असेल, तर घरच्या प्रोजेक्टमधल्या कमिटवरही तोच छापला जातो. त्या रिपोत ‘गिट कॉन्फिग यूझर.ईमेल’ --ग्लोबलशिवाय द्या. नुकतंच केलेलं कमिट ‘--अमेंड --रीसेट-ऑथर’ने दुरुस्त होतं.

पुश अडतं तेव्हा

‘एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी’ हा एरर नवख्यांना फार घाबरवतो. कारणं दोनच. एक, अजून एकही कमिट झालेलं नाही. गिटमध्ये पहिलं कमिट होईपर्यंत ब्रँच (कमिटची नाव दिलेली शाखा) खऱ्या अर्थाने अस्तित्वातच नसते, मग पुश काय करणार? दोन, तुमच्या ब्रँचचं नाव मास्टर आहे आणि तुम्ही मेन पुश करताय. गिटहबवर (सर्व्हरवर रिपो ठेवण्याची वेबसेवा) ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपोची मुख्य ब्रँच मेन असते, पण तुमच्या मशीनवरचं गिट अजूनही मास्टर बनवत असेल. ‘गिट ब्रँच -एम मेन’ दिलं की नाव बदलतं. आवृत्ती 2.28 किंवा पुढची असेल, तर ‘इनिट.डिफॉल्टब्रँच’ ही सेटिंग एकदाच करून ठेवा.

दुसरा नेहमीचा अडथळा: सर्व्हरवर रिपो बनवताना रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) किंवा लायसन्सच्या चौकटीवर टिक केली जाते. मग तिकडे एक कमिट, इकडे वेगळंच कमिट, आणि दोघांचा पूर्वज एक नाही. पुश नाकारलं जातं. पुल केलं की ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ची तक्रार येते. तिकडचा रीडमी हवा असेल तर पुलला ‘--अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज’ जोडा. फोर्स पुश (तिकडचं पुसून आपलं लादणं) तेव्हाच, जेव्हा तिकडे आपोआप बनलेल्या रीडमीशिवाय काहीच नाही याची तुम्ही स्वतः खात्री केली असेल. मुळात घरी कोड तयार असताना सर्व्हरवरचा रिपो पूर्ण रिकामा बनवावा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

‘रिमोट ओरिजिन ऑलरेडी एक्झिस्ट्स’ आलं, तर सर्व्हरवरच्या रिपोचा पत्ता ‘ओरिजिन’ या नावाने आधीच नोंदलेला आहे. ‘गिट रिमोट -व्ही’ने तो बघा आणि चुकीचा असेल तर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ पुढे नवा पत्ता द्या.

आणि खात्याचा पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर पुन्हा पुन्हा टाइप करत बसू नका. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय. त्याच्या जागी टोकन (गिटहबवर बनवून घेतलेला गुप्त कोड) लागतं, किंवा एसएसएच की. की जोडल्यावर ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’ देऊन बघा. शेल (सर्व्हरवर कमांड देण्याची सोय) मिळणार नाही असं उत्तर येतं, तो एरर नव्हे. त्याच ओळीत तुमच्या खात्याचं नाव असतं. ते नाव भलत्याच खात्याचं निघालं, तर पुश अडण्याचं कारण तिथेच सापडलं.